वेदनाशामक गोळी आणि पाकिटाची मागची बाजू

डोकं ठणकतंय, दाढेने रात्रभर झोपू दिलं नाही, पाळीच्या कळांनी उभं राहवत नाही, तापाने अंग मोडून आलंय. अशा वेळी घरातली एखादी साधी वेदनाशामक गोळी घेणं यात चूक काहीच नाही. योग्य प्रमाणात आणि थोडेच दिवस घेतलेली अशी गोळी बहुतेक निरोगी प्रौढांना त्रास देत नाही. दुखणं अंगावर काढण्यात काही शौर्यही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोळ्यांचा विषय निघाला की एक तर ‘काही होत नाही, घे’ असं म्हटलं जातं, नाहीतर ‘किडन्या जातील’ म्हणून घाबरवलं जातं. दोन्ही सल्ल्यांत तीन साधे प्रश्न राहून जातात. गोळीत नेमकं काय आहे? २४ तासांत ते एकूण किती पोटात गेलं? आणि घेणाऱ्याला आधीपासून कोणते आजार, कोणती औषधं आहेत? गोळ्यांमुळे नुकसान होतं तेव्हा बहुतेक वेळा यांतला एखादा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला सापडत नाही. पुढे कंपनीने दिलेलं नाव असतं, ठळक आणि रंगीत. घटक मागे असतो, बारीक अक्षरांत, आणि स्ट्रिप कापताना बऱ्याचदा नेमका तोच भाग कापला जातो. नावं शेकडो असली तरी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांतले मुख्य घटक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. एकीकडे पॅरासिटामॉल, ज्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, औषध तेच. दुसरीकडे आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, ॲस्पिरिन आणि काही देशांत डायक्लोफिनॅक. हा दुसरा गट दुखणं आणि ताप यांच्या जोडीला सूजही उतरवतो. डॉक्टर मंडळी या गटाला ‘एनसेड’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. पॅरासिटामॉल आणि एनसेड यांचे धोके एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की ‘पेनकिलर चांगली की वाईट’ हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. कोणती पेनकिलर आणि कोणासाठी, इथून सुरुवात करावी लागते.

शरीरात काय घडतं

शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते. ही रसायनं बनवण्याचं काम कॉक्स नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. एनसेड गटातली औषधं हे विकर अडवतात. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, पण ते काम कसं करतं हे कळायला १९७१ साल उजाडलं. जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

या शोधाने गुणाबरोबर दोषांचाही उलगडा झाला. प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवण्यासाठी नसतात. जठराच्या आतल्या बाजूला आम्लापासून वाचवणारा जो चिकट थर असतो, तो टिकवायला त्याच लागतात. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं काम त्याच करतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला याच कॉक्सने तयार केलेलं एक रसायन मदत करतं. गोळीला तुमचा गुडघा कुठे आणि जठर कुठे हे ठाऊक नसतं. ती रक्तातून सगळीकडे पोचते आणि सगळीकडचं कॉक्स अडवते. एका खोलीतला दिवा विझवायला अख्ख्या घराचा मेन स्विच बंद करावा, तसंच हे. दोन दिवसांसाठी बहुतेकांचं शरीर ते निभावून नेतं. ज्याचं जठर, मूत्रपिंड किंवा हृदय आधीच काठावर असतं, त्याला ते जड जातं.

पॅरासिटामॉल या गटात बसत नाही. त्याचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत होतो. सूज ते फारशी उतरवत नाही आणि जठराला, प्लेटलेटना फारसं छेडत नाही. म्हणूनच ताप, साधी डोकेदुखी, अंगदुखी यांसाठी बहुतेक डॉक्टर आधी त्याचंच नाव घेतात. मात्र दाढदुखी, पाळीच्या कळा, मुरगळलेला घोटा अशा सुजेच्या किंवा प्रोस्टाग्लँडिनच्या दुखण्यात एनसेड जास्त चांगला गुण देतात. जुनाट कंबरदुखीवर पॅरासिटामॉलचा उपयोग अगदीच थोडा होतो. उपयोग होत नाही म्हणून माणूस डोस वाढवत जातो आणि तिथेच गडबड सुरू होते.

पॅरासिटामॉल: सुरक्षित, पण एका मर्यादेपर्यंतच

निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम. दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोजचं मद्यपान असेल किंवा आजारपणात कित्येक दिवस अन्न गेलेलं नसेल, तर मर्यादा याहून खाली येते आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

ही मर्यादा का, हे समजून घेण्यासारखं आहे. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून नॅपक्वी नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. नेहमीच्या डोसला याची काही चिंता नसते, कारण यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निष्प्रभ करतं. डोस मर्यादेबाहेर गेला की पहिल्या वाटेची क्षमता संपते, जास्त पॅरासिटामॉल दुसऱ्या वाटेला लागतं, ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि मोकळं राहिलेलं विष यकृताच्या पेशींनाच मारू लागतं. रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरात ही दुसरी वाट जास्त जोरात चालते. उपाशी, अशक्त माणसाकडे ग्लुटाथायोनच कमी असतं. म्हणून त्यांची मर्यादा कमी.

आता प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहा. एखाद्याला फ्लू झाला आहे. तापासाठी तो ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून ४ वेळा घेतो. झाले २,६०० मिलिग्रॅम. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी दिवसातून ३ वेळा. तिच्या नावावरून कळत नाही, पण तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. हे १,५०० धरून बेरीज ४,१०० झाली, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. त्यात अंग फार दुखतंय म्हणून घरात पडलेली ‘अंगदुखीची’ गोळी सकाळ-संध्याकाळ. तिच्यात आयब्युप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. एकूण ४,७५०. या माणसाने एकही गोळी बेफिकिरीने घेतलेली नाही. प्रत्येक गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घेतली आहे. तरीही तो रोज मर्यादेच्या वर आहे, त्याला भूक नाही, खाणं नावापुरतं आहे, आणि हे ४-५ दिवस चालणार आहे. सर्दी, खोकला, सायनस, डोकेदुखी, पाळी, कंबरदुखी अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असतं. पाण्यात विरघळवून प्यायच्या पुड्यांतही असतं. एका वेळी पॅरासिटामॉल असलेलं एकच औषध घ्यायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

डोस जास्त झाला की काय दिसतं? सगळ्यात फसवा भाग हाच आहे. पहिल्या दिवशी मळमळ, एखादी उलटी, थोडा घाम. कित्येकांना तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी माणसाला उलट बरं वाटू लागतं. त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात आणि रक्ततपासणीत ते दिसू लागलेलं असतं. बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, डोळे पिवळे होणं, बोलण्यात गोंधळ, रक्तस्राव ही लक्षणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत येतात, आणि तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. यावर उतारा आहे. ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध यकृताचा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतं. पहिल्या ८ तासांत ते दिलं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. पुढे प्रत्येक तासाला त्याची ताकद कमी होत जाते, तरी उशिरासुद्धा ते उपयोगी पडतं. म्हणून चुकून असो की जाणूनबुजून असो, डोस जास्त गेला असं कळलं की ‘लक्षणं दिसली तर बघू’ म्हणत थांबू नका. तो माणूस अगदी ठणठणीत दिसत असला तरी लगेच रुग्णालयात न्या, रिकामी पाकिटं सोबत घ्या आणि किती वाजता, किती गोळ्या घेतल्या ते सांगा. कोणी जाणूनबुजून घेतल्या असतील तर रागावण्याची ती वेळ नव्हे. त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना खरं ते सांगा.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. एखादी पॅरासिटामॉलची गोळी चालते, पण ती सलग काही दिवस घेतली तर वॉरफेरिनचा परिणाम वाढू शकतो. अशा वेळी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, तपासणी लवकर करून घ्यावी.

एनसेड: पोट, मूत्रपिंड, हृदय

चिठ्ठीशिवाय घ्यायच्या आयब्युप्रोफेनचा प्रौढांसाठी डोस २०० ते ४०० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांच्या अंतराने, आणि २४ तासांत १,२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. नॅप्रॉक्सेनचा परिणाम जास्त वेळ, साधारण १२ तासांपर्यंत टिकतो, म्हणून ते कमी वेळा घ्यायचं असतं. दोन एनसेड एकत्र कधीच घ्यायचे नाहीत. त्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही. जठराला मात्र दुहेरी मार बसतो.

‘भरल्या पोटी घेतली की झालं’ या समजावर थोडं थांबायला हवं, कारण तो अर्धाच खरा आहे. खाऊन गोळी घेतली तर मळमळ, जळजळ कमी होऊ शकते. पण जठराचं संरक्षण मुख्यतः रक्तातून आलेल्या औषधामुळे ढासळतं. त्यामुळे गोळी भरल्या पोटी घ्या, तिच्यावर आतड्यात विरघळणारं आवरण असू द्या, किंवा इंजेक्शन घ्या, अल्सरचा धोका संपत नाही. आणि दुखलं नाही म्हणजे अल्सर नाही, असंही नाही. वयस्कर माणसांत तर बऱ्याचदा पोट अजिबात न दुखता थेट रक्तस्राव होऊनच अल्सर कळतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, अचानक चक्कर आणि घाम ही त्याची खूण. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नये. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झालेला असेल, सोबत स्टेरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या किंवा नैराश्यावरच्या काही प्रकारच्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशांनी एनसेड स्वतःच्या मनाने घेऊच नये. घ्यावीच लागली तर डॉक्टर बहुधा सोबत आम्ल कमी करणारं औषध देतात.

मूत्रपिंडाची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे. उलट्या-जुलाब, भर उन्हात काम, अंगातून पाणी काढणारा ताप अशा वेळी मूत्रपिंडाला मिळणारं रक्त प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर कसंबसं टिकलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी अंगदुखीसाठी एनसेड घेतलं की तो आधारही जातो. रक्तदाबासाठी घ्यायच्या काही गोळ्या, म्हणजे ज्यांच्या घटकाच्या नावाचा शेवट ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ असा होतो त्या, आणि लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, या दोन्ही चालू असताना त्यांत तिसरं औषध म्हणून एनसेड पडलं की मूत्रपिंड काही दिवसांतच बंद पडू शकतं. वयस्कर माणसांच्या औषधांच्या डब्यात पहिल्या दोन गोष्टी सर्रास असतात. गुडघा दुखला म्हणून तिसरी सहज येऊन पडते, आणि ती ‘साधी पेनकिलर’ म्हणून कोणी कोणाला सांगतही नाही. या तिघांच्या एकत्र येण्याविषयी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एनसेडमुळे रक्तदाबही वाढतो आणि बीपीच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. घरातल्या मोठ्यांचा बीपी अचानक आवरेनासा झाला, तर आधी हा डबा उघडून बघावा.

हृदयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते २००४ मध्ये, जेव्हा रोफेकॉक्सिब हे जठराला जपणारं म्हणून गाजलेलं एनसेड हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताच्या वाढत्या धोक्यामुळे जगभरच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. नंतर कळलं की हा धोका ॲस्पिरिन सोडून बाकीच्या एनसेडमध्येही कमी-अधिक प्रमाणात आहे. डोस जितका जास्त तितका तो वाढतो आणि वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तशी कडक सूचना छापायला लावली. डायक्लोफिनॅकचा धोका जास्त आढळल्यामुळे, ज्यांना हृदयविकार आहे किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी ते घेऊ नये, असं युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं, आणि ब्रिटनने २०१५ मध्ये त्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं. उलट, दिवसाला १,२०० मिलिग्रॅमपर्यंतच्या आयब्युप्रोफेनमध्ये अशी वाढ दिसलेली नाही. म्हणून निरोगी माणसाने मुरगळलेल्या पायासाठी दोन दिवस आयब्युप्रोफेन घेतलं तर हृदयाची धास्ती घ्यायचं कारण नाही. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्याने मात्र आधी विचारावं.

त्यांच्यासाठी आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हृदयासाठी रोज ७५ किंवा १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी त्याच्या आधी आयब्युप्रोफेन घेतलं, तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवरची जागाच मिळत नाही आणि त्याचा गुण वाया जाऊ शकतो. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स कायमचं निकामी करतं, आणि प्लेटलेटला नवं बनवता येत नाही. म्हणून एका लहानशा गोळीचा परिणाम नव्या प्लेटलेट येईपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आधी सांगावं लागतं. पण हृदयासाठी दिलेलं ॲस्पिरिन स्वतःहून थांबवू नये, आणि शेजाऱ्याला दिलंय म्हणून आपणही सुरू करू नये.

दमा असलेल्यांपैकी काहींना ॲस्पिरिन किंवा दुसऱ्या एनसेडने जोराचा झटका येतो. ज्यांना नाकात मांस वाढण्याचा त्रास आहे, त्यांना हा धोका अधिक. पूर्वी असं कधी झालं असेल तर सगळाच गट वर्ज्य. डेंग्यूची शक्यता असेल तर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतात. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एनसेड घेऊ नये. त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. तिथेही गरज पडली तर पॅरासिटामॉल, कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस.

लहान मुलं: चमचा नव्हे, वजन

मुलांचा डोस वयावरून अंदाजाने ठरवू नये. तो वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त ४ वेळा. १२ किलोच्या मुलाला म्हणजे एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असं लिहिलेलं सिरप असेल तर ५ ते ७.५ मिलिलिटर द्यायचं. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर साधारण २.५ ते ३.५. आणि बाळांसाठीचे थेंब असतील तर त्यांत अनेकदा १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे १.२ ते १.८ मिलिलिटर पुरे. इथेच मोठी चूक होते. सिरप संपलं म्हणून कोणी थेंबांच्या बाटलीतून नेहमीसारखेच ५ मिलिलिटर दिले, तर त्या मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले. मोठ्या माणसाची अख्खी गोळी! रात्री, झोपेत, रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन हे सहज होऊ शकतं. म्हणून बाटलीवर लिहिलेलं प्रमाण दर वेळी वाचायचं, बाटलीबरोबर आलेल्या सिरिंजनेच किंवा मापानेच मोजायचं, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. किती वाजता, किती दिलं, ते कागदावर लिहून ठेवायचं, म्हणजे आईने दिलेल्या डोसवर बाबा दुसरा डोस देत नाहीत.

३ महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, डॉक्टरांनाच दाखवावं. आयब्युप्रोफेन ६ महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. उलट्या-जुलाब असतील तर मोठ्या मुलालाही नको. आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ताप, फ्लू, कांजिण्या यांत ॲस्पिरिन अजिबात नाही. त्याचा संबंध रे सिंड्रोम नावाच्या, मेंदू आणि यकृताला एकदम ग्रासणाऱ्या आजाराशी आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर डग्लस रे यांनी १९६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. मुलांना ॲस्पिरिन देणं थांबल्यावर तो फार दुर्मीळ झाला.

गोळीमुळेच दुखणारं डोकं

डोकेदुखीसाठी गोळी घ्यायची, ती उतरली की पुन्हा दुखायचं, पुन्हा गोळी. हे महिनोन्‌महिने चाललं की एका टप्प्यानंतर गोळीच डोकेदुखीचं कारण बनते. साधं पॅरासिटामॉल किंवा एनसेड महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफीन किंवा कोडीन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) मिसळलेल्या गोळ्या किंवा मायग्रेनची ट्रिप्टान औषधं महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. पहाटे डोकं धरूनच जाग येते, गोळी घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि पूर्वी एका गोळीने थांबणारं दुखणं आता तीन तासांसाठीच थांबतं. हे ज्यांना होतं ते लोक गोळ्यांचे शौकीन नसतात. बहुतेकांना खरंच मायग्रेन असतो आणि नोकरी, घर सांभाळून उभं राहायचं असतं. त्यांना ‘उगाच गोळ्या खातोस’ म्हणून बोल लावण्याने काहीही साधत नाही. इलाज म्हणजे ती गोळी थांबवणं. पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं, त्यामुळे एकट्याने झुंजण्यापेक्षा डॉक्टरांच्या मदतीने, मायग्रेन रोखणारं रोजचं औषध सुरू करून ते केलेलं बरं. कोडीन असलेल्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवू नयेत. आपल्याला हा त्रास आहे का ते तपासायची सोपी रीत म्हणजे कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या प्रत्येक दिवशी एक खूण करणं. महिनाअखेरीस खुणा मोजल्या की पुष्कळ जण चकित होतात.

काही छोट्या गोष्टी

पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांचं काम वेगळं, त्यामुळे दाढ काढल्यानंतरसारख्या जोराच्या दुखण्यात निरोगी प्रौढाने दोन्ही आपापल्या मर्यादेत घेतलेली चालतात. एकाच जागचं, वरवरचं दुखणं असेल तर, म्हणजे हाताचे सांधे, गुडघा, मुरगळलेला घोटा, आधी एनसेड असलेलं जेल लावून पाहावं. त्यातलं एनसेड रक्तात फार थोडं उतरतं, आणि वयस्करांसाठी मला तेच आधी योग्य वाटतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडून किंवा कुटून घेऊ नयेत, सगळा डोस एकदम सुटतो. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसभराची मर्यादा आहे २ ग्रॅम. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी साधी गोळी घ्यावी.

गोळी घेऊन घरी थांबायचं नाही, अशीही दुखणी आहेत. छातीत दाब येऊन हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं. क्षणात परमोच्च टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही इतकी जोराची डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या. पोट लाकडासारखं कडक होणं. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं. यांत वेळ घालवू नये. एरवी ३ दिवसांत ताप किंवा १० दिवसांत दुखणं थांबलं नाही, तर ते का थांबत नाही हे डॉक्टरांकडून शोधून घ्यावं. स्वतःच्या मनाने पुढे चालू ठेवू नये.

आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, अर्ध्या कापलेल्यासुद्धा. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की लोक बीपीची सांगतात, शुगरची सांगतात, थायरॉइडची सांगतात. गुडघ्यासाठी रोज रात्री घेतलेली गोळी, सर्दीची पुडी, डोकेदुखीची स्ट्रिप यांना कोणी औषध समजत नाही, म्हणून ती सांगितली जात नाहीत. डॉक्टर मग त्यांच्याशी न पटणारं नवं औषध लिहून देतात. पिशवी टेबलावर रिकामी केली तर पाकिटांची मागची बाजू तेच वाचतील.